बिनचुन्याचं देऊळ

हेमाडपंती या शब्दावर माझं आयुष्य गेलं असं म्हटलं तर ते नाटकी होईल, पण पोट मात्र नक्की भरलं. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना मी मध्ययुगीन बांधकाम शिकवायचे, आणि दरवर्षी महाराष्ट्रातून आलेलं एखादं पोरगं हात वर करून विचारायचंच, "मॅम, हमारे गाँव में हेमाडपंती मंदिर है, वो कितना पुराना होगा?" आता मी निवृत्त होऊन दिल्लीच्या द्वारकेतल्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावर राहते. डोक्यावरून विमानं जातात आणि हातातल्या फोनवर नातेवाईक देवळांचे फोटो पाठवतात, खाली ओळ असते, 'पाच हजार वर्षांपूर्वीचं हेमाडपंती मंदिर'. पूर्वी मी लगेच दुरुस्ती पाठवायचे आणि सगळ्यांची नाराजी ओढवून घ्यायचे. आता फक्त अंगठा दाखवते. पुस्तकातली व्याख्या मला चोख येते, पण ती मी नंतर शिकले. हा शब्द मला आधी भेटला तो फरीदाबादच्या आमच्या पुढच्या खोलीत, आणि तो ज्या पद्धतीनं भेटला त्यामुळे त्याचा अर्थ मला कुणी शिकवावा लागला नाही.

आमचं घर हाउसिंग बोर्डाच्या चाळीवजा फ्लॅटांमध्ये तळमजल्यावर होतं. दोन खोल्या, आणि मागे एक अंगण, जिथं कूलर, सायकल आणि तुळस यांचं जागेवरून कायम भांडण. बाबा ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की आई पोहे फोडणीला टाकायची. ते पोहे म्हणजे दिल्लीकडचा पातळ चूडा, भिजवला की लगदा व्हायचा, आणि आई रोज नव्यानं त्याला नावं ठेवायची. त्याउलट अळूवडीची आमच्याकडे चंगळ होती. भाजीवाला अरबी, म्हणजे अळूचे कंद, विकायचा आणि तिची पानं फेकून द्यायचा. ती आई उचलून आणायची तेव्हा तो दयेनं विचारायचा, "बहनजी, गाय पाली है क्या?" शाळेत मी हिंदी बोलायचे, गल्लीत हिंदी, घरात मराठी, आणि रागावले की दोन्ही. आई जवळच्या शाळेत गणित शिकवायची. तिच्या हाताखालून गेलेली हरियाणवी मुलं आजही कुठं भेटली तर तिच्या पाया पडतात आणि मग ती पाढे विचारेल या धास्तीनं मागे सरतात.

त्या वर्षी होळीनंतर कारखान्याला टाळं लागलं. भोंगा बंद झाला. पहिले काही दिवस आई सवयीनं भोंग्याची वाट बघत राहायची आणि पोहे उशिरा व्हायचे. बाबा रोज दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत आणि खुर्चीत बसून राहत. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेले तर मागच्या रांगेत बसत आणि आरतीच्या आधी निघून येत. ड्रॉइंग बोर्ड त्यांनी कपाटामागे उभा करून ठेवला, तोंड भिंतीकडे. वाईला माझ्या थोरल्या काकांचं भुसारी दुकान होतं, तिथं माणूस हवाच होता. एक दिवस जेवताना बाबा म्हणाले, "गणपती झाले की निघायचं. नंदू बारावी तिकडून करेल." आईनं त्यांच्या पानात भात वाढला. नंदू म्हणजे मी, आणि मला जायचं नव्हतं. वाई म्हणजे माझ्या लेखी उन्हाळ्याची सुट्टी होती, राहायचं गाव नव्हे. आईला तिची शाळा सोडायची नव्हती. आणि आमच्या दोघींपेक्षाही बाबांना जायचं नव्हतं, फक्त ते त्यांना स्वतःला सांगता येत नव्हतं. हे मला तेव्हाच कळत होतं. सतराव्या वर्षी मी बरीच आगाऊ होते, पण या बाबतीत बरोबर होते.

अशात वझेकाका आले. वझेकाका म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी, आवाज एवढा मोठा की माइक त्यांच्यासमोर लाजेनं गप्प बसावा. मंडळाचा गणपती दरवर्षी भाड्याच्या मखमली मंडपात बसायचा, आणि त्या मंडपावर जरीच्या अक्षरांत 'शुभ विवाह' लिहिलेलं असायचं. त्यावर आम्ही एक शाल टाचायचो. यंदा हे बंद, काकांनी जाहीर केलं, यंदा मखर घरी करायचं आणि ते हेमाडपंती देवळाचं. त्यासाठी आमच्या पुढच्या खोलीत बैठक भरली. हेमाडपंती म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे असे उजळले की जणू एकाच गावची माणसं बसली आहेत. मग कोपऱ्यातून बाबांनी विचारलं, "पण हेमाडपंती म्हणजे मी नेमकं काढायचं काय?"

तिथून जी गंमत सुरू झाली ती मी पुढे वर्गात कितीदा सांगितली असेल. वझेकाका म्हणाले, आमच्या गावचं देऊळ हेमाडपंतीच आहे, जांभ्या दगडाचं, वर मंगलोरी कौलं. वऱ्हाडच्या देशमुखवहिनी म्हणाल्या, छे, हेमाडपंती म्हणजे हेमाडपंतानं लंकेहून राक्षस आणून एका रात्रीत बांधलं ते, काळंकुळकुळीत, आणि पहाट झाली म्हणून शिल्लक राहिलं ते अर्धवट. कुणी म्हणालं जुनं ते हेमाडपंती. कुणी म्हणालं आत अंधार हवा. आई चहाचा ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, "मोडी लिपी त्यांनीच आणली म्हणे. बाजरीही त्यांनीच. एकट्या माणसाला किती कामाला लावाल?" सगळे हसले, बाबा सोडून. ते वाट बघत होते. एवढ्या बोलण्यातून कागदावर मारता येईल अशी एकही रेघ निघाली नव्हती.

शेवटी शेखकाका बोलले. शेखकाका उदगीरकडचे. फरीदाबादच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची चार लेथ मशिनं होती, आणि मंडळाचे मोदक वाटायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे, कारण ते कुणालाच दुसरा देत नसत. ते म्हणाले, "आमच्या गावात देऊळ नाही, बारव आहे. पायऱ्यांची विहीर. तिला हेमाडपंतीच म्हणतात. लहानपणी आम्ही तिच्यात उड्या मारायचो. म्हातारे सांगायचे, जिथं चुना नाही ते हेमाडपंती. दगडावर दगड, बस. भिंतीत बोट जाईल एवढी फट सापडत नाही, यार."

"चुना नाही," बाबा म्हणाले. "मग धरतं कशानं?"

"ते तुम्ही सांगायचं, जगताप. ड्रॉइंग तुम्ही काढता."

बाबा उठले, कपाट पुढे ओढलं आणि बोर्ड बाहेर काढला. त्याच्यावरची धूळ त्यांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं पुसली, आणि आईनं चहाचा ट्रे उचलून बोर्डाला जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की मखरात गोंद वापरायचा नाही. खिळा नाही, टाचणी नाही, दोरा नाही. एका ठोकळ्याला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारा खुंट, आणि असा ठोकळ्यावर ठोकळा. वझेकाकांनी कपाळाला हात लावला. "अहो जगताप, थर्माकोलचं मखर आहे, त्याला गोंद लावला तर कोण बघायला येणार?" बाबा म्हणाले, "मग हेमाडपंती पाटी लावू नका." मला बाबांचा हा आवाज ओळखीचा होता. कारखान्यात चुकीचं ड्रॉइंग परत पाठवताना ते असं बोलत असणार.

जुन्या हीटरची तार ताणून त्यांनी थर्माकोल कापायचं यंत्र केलं. तार तापली की ठोकळा लोण्यासारखा कापला जायचा आणि घरभर उग्र वास पसरायचा. पांढरे दाणे सगळीकडे, केसांत, अंथरुणात, आमटीत. पहिला खांब मी ऑइलपेंटनं काळा केला आणि तो आमच्या डोळ्यांदेखत विरघळून गेला, तेव्हा कळलं की याला पाण्यातला डिस्टेंपरच हवा. छताचं ड्रॉइंग तर मी तासन्‌तास बघत बसायचे. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार तिरके दगड, म्हणजे आत फिरलेला लहान चौकोन. त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हा तिरके दगड, आणखी लहान चौकोन, आणि शेवटच्या भोकावर एक कमळ. कमान नाही, मधला आधार नाही. बाबांनी ते कुठल्याशा मासिकातल्या अंधुक फोटोवरून ओळखलं होतं. पुढे खऱ्या देवळात, पाठीवर आडवं होऊन, मी ते छत पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सोबतचे सगळे आश्चर्यानं बघत होते आणि मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं.

मखर पहिल्यांदा उभं केलं त्या दुपारी लाइट गेलेली होती. भादव्याचा उकाडा, खिडक्या उघड्या, आम्ही तिघंही घामानं निथळत होतो. चार खांब, बाजूंना ठोकळ्यांच्या भिंती, वर चार तुळया, त्यांच्या कोपऱ्यांवर तिरके दगड, त्यांवर कमळ. बाबांनी शेवटचा ठोकळा ठेवला आणि दोन पावलं मागे सरकले. उभं होतं. गोंदाचा थेंब नाही आणि माझ्या खांद्याएवढं देऊळ पुढच्या खोलीत उभं होतं. बाबा इतक्या महिन्यांनी हसले. तेवढ्यात गल्लीत पोरांचा गलका झाला, "आ गई, आ गई", म्हणजे लाइट आली, आणि आमच्या डोक्यावरचा पंखा, जो कुणी बंद करायचं लक्षात ठेवलं नव्हतं, तो सुरू झाला. पहिल्यांदा कमळ उडालं. मग तिरके दगड. मी खांबाला मिठी मारली तर तो माझ्यासकट कलला. पंखा पूर्ण वेगात येईपर्यंत यादवकालीन वैभव कूलरच्या मागं, पलंगाखाली आणि एक तुकडा थेट आईच्या आमटीच्या पातेल्यात जाऊन पडला होता.

मला हसू आवरेना. बाबा हसले नाहीत. त्यांनी पंखा बंद केला, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वझ्यांना सांगा, मंडपवाल्याला बोलवा." एवढंच. मग डोळे मिटून घेतले. माझं हसू तिथंच विरलं. आता ते पुन्हा उठणार नाहीत, गणपती होतील, आणि आम्ही ट्रंका बांधून निघू, हे मला अगदी स्वच्छ दिसलं आणि मी घाबरले.

आईनं पातेल्यातला तुकडा चमच्यानं काढला, नळाखाली धुतला, आणि तो तळहातावर घेऊन बाहेर आली. "अहो, याला वजनच नाही," ती म्हणाली. "दगड दगडावर बसतो तो वजनानं ना? तुम्ही जोड बरोबर केलात. दगड करायचा राहिला."

बाबांनी डोळे उघडले. तो तुकडा हातात घेऊन तोलून पाहिला. मग उठून सायकल काढली. संध्याकाळी परत आले तेव्हा मागच्या कॅरियरला गोण बांधलेली होती आणि तिच्यातून लाल रेतीची रेघ गल्लीभर सांडत आली होती. दिल्लीकडे या जाड रेतीला बदरपूरच म्हणतात, जिथून येते त्या गावाच्या नावानं. आम्ही प्रत्येक ठोकळा आतून कोरला, त्यात ओलसर बदरपूर ठासून भरलं आणि थर्माकोलचंच घट्ट बूच बसवलं. आई हिशोब करायची, तिरक्या दगडाचं पुढचं टोक अधांतरी असेल तर मागच्या टोकावर किती भार हवा, आणि बाबा तो ड्रॉइंगवर लिहायचे. नवरा-बायकोचं असं बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. एरवी त्यांच्यात भाजी, दूध आणि माझे मार्क एवढेच विषय. या वेळी देऊळ उभं राहिलं तेव्हा बाबांनी स्वतः पंखा लावला, पाचवर.

मंडळाचा गणपती कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये बसला. मखर सगळ्यांना आवडलं. वझेकाकांनी स्वखर्चानं पाटी रंगवून आणली होती, 'हेमाडपंती मंदिर', आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते गोंद नसल्याचं असं सांगत होते की कल्पना त्यांचीच असावी. बाबा हॉलच्या दाराशी उभे होते, चपला घालून, निघायच्या तयारीत. त्या संध्याकाळी प्रमुख पाहुणे होते प्रधानसाहेब, पुरातत्त्व खात्यातून निवृत्त झालेले, दिल्लीतच स्थायिक. सत्तरीचे, खणखणीत, आणि खोटं कौतुक न करणारे. माइक हातात घेऊन त्यांनी आधी मखर पाहिलं, मग पाटी पाहिली.

"मखर सुंदर आहे," ते म्हणाले. "पाटी मात्र चुकली. हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. त्याच्या नावावर आपण जी देवळं खपवतो त्यातली कितीतरी त्याच्या जन्माआधीची आहेत, काही त्याच्या नंतरची. वऱ्हाडात हेमाडपंती म्हणतात, खानदेशात तशाच देवळाला गवळीराजाचं म्हणतात. जुनं, काळं, दगडी दिसलं की हेमाडपंती, ही आपली सवय आहे. तिला शैली म्हणता येत नाही. अभ्यासकानं हा शब्द जपून वापरावा."

वझेकाका पाटीसमोर जाऊन उभे राहिले, ती झाकली जावी म्हणून. आई प्रसादाच्या परातीजवळ होती. मी दाराकडे पाहिलं, बाबा निघून गेले असतील या भीतीनं. ते चपला काढत होते.

मधल्या वाटेनं ते सरळ पुढे गेले. माइक त्यांनी घेतला नाही. "साहेब," ते म्हणाले, "तुम्ही सांगितलंत ते बरोबरच असणार, त्यात मी वाद घालणार नाही. पण मी ड्राफ्ट्समन आहे. कुणी बांधलं, कधी बांधलं, हे मला ड्रॉइंगमध्ये दाखवता येत नाही. जोड दाखवता येतो. मी इथल्या लोकांना विचारलं, हेमाडपंती म्हणजे काय. प्रत्येकानं आपलं गाव सांगितलं. मग हे शेख म्हणाले, चुना नसतो. तेवढी एकच गोष्ट अशी होती की जी बांधून बघता येते. लोकांनी नाव माणसाचं घेतलं असेल, पण वापरलं जोडासाठी. त्या अर्थानं पाटी बरोबर आहे."

प्रधानसाहेबांनी चष्मा वर केला. "म्हणजे यात गोंद नाही?"

"नाही."

"आतून काठी? तार?"

"तुम्ही बघा."

प्रधानसाहेबांनी बूट काढले. गणपतीला नमस्कार केला, वाकून त्याच्या बाजूनं मखरात डोकं घातलं, आणि आमच्या छताखाली मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिले. बाबांनी बाजूच्या भिंतीतला एक वरचा ठोकळा अलगद उचलला आणि त्यांच्या हातात दिला. थर्माकोल म्हणून त्यांनी तो दोन बोटांत धरला, आणि त्यांचा हात खांद्यापासून खाली गेला. ते दचकले, मग मोठ्यानं हसले, आणि त्यांच्यासोबत सगळा हॉल. "वजन घातलंत," ते म्हणाले. "हे कुणाला सुचलं?"

"बायकोला," बाबा म्हणाले. आईनं पदर सारखा केला.

प्रधानसाहेब माइककडे परतले. "काळाबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही," ते म्हणाले. "पण यांनी शब्दाचा जो भाग उचलला आहे तो पक्का आहे. गावोगावच्या लोकांनी तारखा चुकवल्या, दगड मात्र नीट पाहिला. पाटी राहू द्या." माझी पुढची सगळी विद्वत्ता या चार वाक्यांवर उभी आहे, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना वाटायचं, मॅमनी फार वाचलं आहे.

आरती झाली. माणसं मखराभोवती गोळा झाली. शेखकाका मोदकांची परात आईकडे सोपवून एका खाचेत बोट घालून बघत होते आणि बाबांना विचारत होते की असाच जोड लोखंडात हवा असेल तर ड्रॉइंग काढून द्याल का, त्यांच्याकडे पाना न लावता बसणारा एक साचा करायचा आहे. बाबा हो म्हणाले, जरा विचार करून, पण हो. वझेकाकांना आता कंठ फुटला होता. ते मागे हात बांधून देवळाकडे बघत म्हणाले, "सगळं झकास, जगताप, पण एक सांगू? वरून बोडकं दिसतंय. शिखर नाही."

"खऱ्या देवळांचीही शिखरं बरीच पडलेली आहेत," प्रधानसाहेब म्हणाले.

"याचं पडलेलं नाही," बाबा म्हणाले. "वेळ पुरला नाही. शिखर पुढच्या वर्षी करू."

मी आईकडे पाहिलं. तिच्या हातातला मोदक परातीच्या आणि समोरच्या माणसाच्या मध्ये थांबला होता. तो माणूस हात पुढे करून उभा होता. मला वाटलं ती आता विचारेल, पुढच्या वर्षी म्हणजे कुठं, आणि वाईचं काय, काकांना काय सांगायचं. पण तिनं परात माझ्या हातात दिली, चिकट हातांनीच बाबांजवळ गेली, आणि माझी आई, जिला मी तोवर कधी लोकांसमोर त्यांच्याशी बोलताना पाहिलं नव्हतं, ती त्यांना म्हणाली, "शिखर निमुळतं होत जाणार. वरच्या थरांना वजन कमी लागेल. आत्तापासून हिशोब करायला हवा."

"हो," बाबा म्हणाले. "दिवाळीनंतर बसू."